सकाळी सातचा आवाज

गॅरेजवाल्या मल्हारीने काळाठिक्कर पडलेला व्हॉल्व्ह सावळीरामांच्या तळहातावर ठेवला. बोटभर दांडा आणि त्याला छत्रीसारखं डोकं. एवढासा तुकडा अडकून बसला होता आणि गाडीचा एक सिलिंडर बंद पडला होता.

“काका, गाडी किती चालवता?”

“रोज सकाळी सातला सुरू करतो. दहा मिनिटं. एक दिवस खाडा नाही.”

“अन् रस्त्यावर?”

सावळीरामांनी तळहातावरचा व्हॉल्व्ह उलटा करून पाहिला.

“तेच मग. इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही बंद करता. काजळी धरते. लय जपली, म्हणून अडकला बघा.” नवा बसवायला चार दिवस लागतील, पण पुढे आठवड्यातून एकदा निफाडपर्यंत तरी पळवून आणा, असं त्याने बजावलं.

निफाडचं नाव त्याने सहज घेतलं. त्यांची पत्नी विमलाबाई तिथल्या शाळेत शिकवायच्या. अकरा वर्षं सावळीराम त्यांना याच गाडीतून सोडायचे, बरोबर सातला निघून, आणि साडेदहाला इकडे आपल्या कचेरीत हजर व्हायचे. निवृत्तीनंतरही दोघं सातला त्याच रस्त्याने फेरी मारून यायचे. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. जायचं ठिकाण संपलं, सातची वेळ मात्र सुटली नाही.

त्या दहा मिनिटांमागे आणखी एक कारण होतं. ते त्यांनी बंगळूरच्या लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. तो आवाज म्हणजे त्यांची सोसायटीत लागलेली हजेरी होती. आवाज आला म्हणजे म्हातारा उठला, हातीपायी धड आहे. एखाद्या दिवशी आला नाही, तर कोणीतरी दार वाजवेलच. या भरवशावर त्यांना रात्री झोप लागायची.

आता गाडीच गॅरेजात, त्यामुळे त्या भरवशाची आपोआप परीक्षा झाली. पहिल्या दिवशी सातला ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले. चहा दोन कप टाकला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी बेल वाजली, तेव्हा ते इतक्या लगबगीने उठले की चपला उलट्यासुलट्या पायांत गेल्या. कुरिअरवाला शेजारच्यांचं पार्सल ठेवायला आला होता. चौथ्या दिवशी त्यांनी एकच कप चहा केला.

पाचव्या दिवशी दुपारी गाडी घेऊन ते परतले, तर पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावरची तृप्ती भेटली. कडेवर सात महिन्यांची पोर. येताजाता हसून बोलणारी, गुणी मुलगी.

“गावाला गेला होतात का काका? चार-पाच दिवस हिची सकाळची झोप छान झाली. नाहीतर गाडीच्या आवाजाने उठून बसते.”

“मग कधी बोलली नाहीस ती?”

“तुम्हाला कसं सांगायचं, काका?”

“हो,” सावळीराम म्हणाले, “गावालाच गेलो होतो.”

घरात येऊन त्यांनी गाडीची चावी खिळ्याला अडकवली. राग तरी कोणावर धरायचा? तिने तर इतके दिवस सोसलंच होतं. पण त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी पार्किंगमध्ये गाडी सुरू केली नाही. न्यूट्रलमध्ये टाकली, खिडकीतून एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि बहात्तर वर्षांचा खांदा लावून फाटकाबाहेर ढकलली. दोनदा थांबून दम खाल्ला. पार कोपऱ्यापर्यंत नेली आणि मगच आत बसून चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, अगदी पूर्वीसारखं एकसारखं.

त्यांनी मान वळवून वर पाहिलं. तृप्तीच्या खिडकीचा पडदा हलला नव्हता. मग शेजारच्या सीटवरची धूळ रुमालाने पुसली आणि गाडी निफाडच्या रस्त्याला लावली.