लख्ख घासलेला अबोला

मी एक जुनी पट्टी आहे, घंटीच्या बटणातली. अंगाने पितळेची; पण तोंडाशी, जिथे मी समोरच्या पट्टीला टेकते, तिथे चांदीचा मुलामा. मित्रांनो, मुलामा म्हटलं की लोक नाक मुरडतात, जणू मी खोटारडीच! पण माझी सारी अब्रू त्या पातळ थरात होती. कारखान्यात एका यंत्राने मला दाबून दाबून माझी परीक्षा घेतली. जन्मतःच कंबर मोडायची बाकी होती, पण मी पास झाले.

मग मी एका घराच्या वरच्या मजल्यावर आले. तिथे थोरल्या जाऊबाई राहत. गुडघ्यांमुळे त्यांना जिना जमत नसे. खाली धाकट्या जाऊबाई. थोरल्यांनी बटण दाबलं की मी समोरच्या पट्टीला टेकायची आणि खाली स्वयंपाकघरात घंटी वाजायची. धाकट्या कुरकुरत वर यायच्या आणि मग दोघी तासभर एकमेकींची उणीदुणी काढत मजेत बसायच्या. वर्षं गेली, मी काळवंडले. काम मात्र चोख.

पण धाकट्यांना काळं काही बघवत नसे. कढईचं बूडसुद्धा त्यांनी आरशासारखं केलं होतं. एकदा बटणाचं झाकण निघालं, मी त्यांच्या नजरेस पडले आणि घासणी फिरली. मी लख्ख झाले! थोरल्यांनीही कौतुक केलं, मी हुरळून गेले. चांदी मात्र घासणीबरोबर मोरीत गेली होती. हळूहळू खालच्या पितळेवर हिरवट थर चढला आणि एक दिवस वीज पलीकडे जाईनाशी झाली. मित्रांनो, अक्षरशः माझं पितळ उघडं पडलं.

थोरल्या बटण दाबत, धाकट्या येत नसत. थोरल्यांना वाटलं, हिने अबोला धरला. खाली घंटी वाजेना, म्हणून धाकट्यांना वाटलं, यांनीच अबोला धरला. जेवणाचं ताट वेळेवर वरच्या पायरीवर यायचं, पण मुकाट्याने. हाक मारायची कुणी? दोघींचं नाक एकाच उंचीचं. शेवटी थोरल्यांनी कायमचं लेकीकडे जायचं ठरवलं आणि बॅग भरली. मला रडू येत होतं, पण पट्टीला रडायची सोय नसते.

बिघडलेला पंखा ठेवून गेली, असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी जाण्याआधी वायरमनला बोलावलं. खालचा मेन स्विच बंद करायला सांगावं म्हणून त्याने बटण दाबलं. खाली शांतता. त्याने झाकण उघडून मला पाहिलं आणि जिन्यातून ओरडला, "बाई, तुमचा कॉन्टॅक्ट तुटलाय."

"मी नाही तोडला," खालून उत्तर आलं. "त्यांनीच अबोला धरलाय."

"मी? रोज बटण दाबून बोट दुखलं माझं," थोरल्या म्हणाल्या.

धाकट्या धावत वर आल्या. "हिची चांदी कुणीतरी घासून काढलीय," वायरमन म्हणाला. माझ्यावरचे ओरखडे पाहताच त्यांनी स्वतःच्या हातचं काम ओळखलं. "ताई, ही मीच घासली हो."

"मग ती भरलेली बॅगही तूच रिकामी कर."

आता माझ्या जागी नवी पट्टी आहे आणि थोरल्या उगाचच घंटी वाजवतात. मी धाकट्यांच्या शिवणाच्या डब्यात असते. मित्रांनो, आम्हाला घासू नका, मऊ फडक्याने पुसा. आणि घंटी वाजली नाही, तर रुसण्याआधी एकदा जिना चढून बघा.

परवा धाकट्यांनी डबा उघडला तेव्हा त्यांच्या हातात घासणी होती. पण त्यांनी ती बाजूला ठेवली, मला हळूच पुसलं आणि घंटी वाजली तशा कुरकुरत वर गेल्या.