पटावरचं चौथं नाव

स्नेहलचं वय अंगणवाडीच्या पटावर एक वर्षानं कमी राहिलं, तर अंगणवाडी चालवणाऱ्या आवडीताईला त्यात काय मिळणार होतं ते आधी सांगून टाकू. पैसा नव्हता. मानधन खालच्या वाडीत बसूनही मिळालंच असतं. मिळणार होतं ते एवढंच, की सकाळी दहाला कुलूप काढायला एक दार राहिलं असतं आणि "ताई, ह्यानं मला चिमटा काढला" अशी तक्रार घेऊन कुणीतरी आलं असतं.

आंबेनळी घाटाच्या पायथ्याची ती वाडी अकरा घरांची. त्यातल्या सात घरांची कुलपं शिमग्यात आणि गणपतीत निघायची. आवडीताईचा नवरा वारल्याला नऊ वर्षं झालेली. मुलगा नालासोपाऱ्याला, फोनवर तो बोलायचा त्यातलं निम्मं रेंज खायची. दुपारी अंगणवाडी सुटली की दुसऱ्या दिवशी दहापर्यंत बाईशी बोलायला फक्त कोंबड्या, आणि त्याही तिन्हीसांजेला झोपायच्या.

पटावर चार पोरं. चारातलं एक कमी झालं की अंगणवाडी खालच्या वाडीला जोडणार, असं सुपरवायझर बाई दोनदा बजावून गेल्या होत्या. आणि येत्या जूनमध्ये स्नेहलला सहा पुरी होत होती. म्हणजे ती निघाली खालच्या शाळेत, पहिलीला.

लबाडी करायला फार डोकं लागलं नाही. वाडीत जन्माचं साल कुणी आकड्यात सांगत नाही. स्नेहलची आजी राहीबाई म्हणायची, "रस्ता बंद झालेला, त्या साली झाली आमची पोर." आता रस्ता बंद झाला होता दोनदा. एकदा करोनात पोलिसांनी बांबू आडवे लावले तेव्हा. आणि पुढच्या पावसात दरडी आल्या, तळीये गाव गाडलं गेलं, तेव्हा. स्नेहल झाली बांबूच्या साली. आवडीताईला ते पक्कं ठाऊक होतं, कारण तोंडाला पदर बांधून नाळ तिनंच कापली होती. पण गेल्या पावसाळ्यात छप्पर गळून रजिस्टराचा लगदा झाला. नवं लिहायला बसली तेव्हा तिनं आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, "राहीआक्का, दरडीच्या सालचीच ना स्नेहल?"

राहीबाईच्या डोक्यावर भारा होता. "आसंल गो. तूच लिव. तुला ठावं."

झालं. पोर एका ओळीत वर्षानं धाकटी झाली.

वैशाखात वाडीभर राब, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागा, भाजत होते. शेतांच्या कोपऱ्यात काळे चौकोन पडलेले, माती पायाला चटका देत होती, धुरानं समोरचा डोंगर दिसेना. त्या दिवशी पोरांची वजनं होती. स्नेहल आली ती मुठीत पुढचा दात घेऊन. पटावरची बाकीची तिघं, हर्षद आणि बनुबाईची दोन नातवंडं, तो बघायला एकमेकांच्या अंगावर पडली.

मागोमाग राहीबाई दारात. "गो आवडे, पाच बी पुरी नाय आन् दात पडतो काय?"

"हल्लीची पोरं लवकर वाढत्यात आक्का. खिचडीत कायबाय टाकतात ना सरकारवाले."

"खिचडीनं दात पडत आसंल तर मला बी वाढ वाटीभर. माजं दोन ऱ्हायल्यात, ते लय दुकतात." आणि मग आवाज खाली घेऊन, "पर ऱ्हाऊ दे तिला वरीसभर हितंच. खाली जायाचं म्हंजे दोन व्हाळ वलांडायचं. हितं माज्या नदरंम्होरं हाय."

म्हणजे आजीचीही सोय होती. कुणाचंच काही अडत नव्हतं.

त्याच आठवड्यात सुपरवायझर बाई घामानं निथळत चढून आल्या. तांब्याभर पाणी प्याल्या. पट बघितला, मग स्नेहलला जवळ बोलावलं. "किती वर्षांची गं तू?"

"चार पुरी. पाचवं लागलंय." हे आवडीताईनं आठ दिवस घोकून घेतलं होतं.

बाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "हे कोणतं अक्षर?"

आदल्या दिवशी हीच पोर खिचडीच्या पाकिटावरचं सगळं हर्षदला वाचून दाखवत होती, वजनासकट. आता तिनं तक्त्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, मान खाली घातली. "मला नाय येत."

"हे? हे तर तुझ्या नावात आहे."

"नाय येत."

हे मात्र आवडीताईनं शिकवलं नव्हतं. तिनं पोरीला कोपऱ्यात घेतलं. "का गो अशी करतेस?"

पोर तिच्या कानाला लागली. "येतंय म्हटलं तर शाळंत धाडतील. मंग तू येकटीच."

एकवीस वर्षांत आवडीताईनं कितीतरी पोरांना येईना ते यायला लावलं होतं. येत होतं ते विसरायला लावलेली ही पहिलीच. तिनं उठून रजिस्टर बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"बाई, स्नेहलचं साल चुकलंय. चुकलं म्हंजे मी चुकवलंय. ती करोनातली हाय."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "ताई, मी विचारलं होतं का तुम्हाला? चौकशीला अशा उन्हात मी परत चढून यायची नाही. मी काही ऐकलेलं नाही."

"तुमी नसंल ऐकलं. पोरीनं ऐकलंय ना. लिवा."

बाईंनी लिहिलं.

जूनमध्ये स्नेहल पहिलीत बसली. मास्तरांना पहिल्याच दिवशी धडा वाचून दाखवला म्हणतात. राहीबाई महिनाभर आवडीताईशी बोलली नाही, मग तिखट मागायला आली. अंगणवाडीचा वजनकाटा, तक्ता, पातेली डोक्यावरून खाली गेली. आवडीताईही रोज खाली जाते. तिथं अठ्ठावीस पोरं आहेत आणि त्यांची ताई आधीचीच आहे; आवडीताईला भिंतीकडेची खुर्ची दिली आहे.

कागदावर वरची तिन्ही पोरंही तिथंच जोडलीत. पण तीन वर्षांचं पोर दोन व्हाळ ओलांडून रोज कोण नेणार? पहिले चार दिवस आवडीताईनं एकाला कडेवर, दोघांना हाताला धरून नेलं. पाचव्या दिवशी व्हाळाला पाणी वाढलं आणि आयांनी पोरं आत ओढली.

खोटं आवडीताईनं लिहिलं, खरंही तिनंच सांगितलं, आणि स्नेहलला तिची शाळा मिळाली. त्याची किंमत भरली ती हर्षदनं आणि बनुबाईच्या नातवंडांनी. त्यांना अजून दहाच्या पुढं मोजताही येत नाही.