लालासाहेबांचं अडकलेलं भाषण

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत धम्मपाल वाघमारेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आयटीआय करून तो आधी टीव्ही दुरुस्त करायचा, मग कॉम्प्युटरकडं वळला. कारखान्यांची ऑफिसं त्याला हक्कानं बोलवायची. अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात एका सकाळी त्याच्या दुकानापुढं जीप थांबली आणि आतनं नानासो उतरला. पलूसजवळच्या एका गावातल्या लालासाहेबांचा हा धाकटा भाऊ. चारच दिवसांपूर्वी धम्मपाल त्यांच्या घरी जाऊन एक जुना कॉम्प्युटर बसवून आला होता. त्यामुळं तो उठून हसत पुढं झाला.

"या नानासो, काय म्हणतंय मशीन?"

उत्तरादाखल त्याच्या तोंडावर ठोसा बसला. तो काउंटरवर कोलमडला, तसं नानासोनं त्याची मानगूट धरली आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्यांच्या देखत त्याला जीपमध्ये कोंबलं. कुणी मधे पडलं नाही. जीपमध्ये आणखी दोघं होते. वाटेत त्यांनी त्याला सीटखाली दाबून धरलं आणि कण्हला की बुटानं हाणलं. आपण काय केलंय हे त्याला तोवर कळलेलंच नव्हतं.

झालं होतं ते असं. लालासाहेब फौजेतनं हवालदार म्हणून आलेले. वीस एकर ऊस, गावच्या विकास सोसायटीचं चेअरमनपद, बोलण्यात दरारा. पण पाच माणसांत उभं राहिलं की त्यांची जीभ अडखळायची. लहानपणापासूनचं होतं ते. पलटणीतही त्यावरनं हसं झालेलं. यंदा सोसायटीच्या निवडणुकीला विरोधात नाथाजी उभा होता आणि तो चौकाचौकात लालासाहेबांची नक्कल करायचा. म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला. बारावीतली मुलगी शिवांजली हिनं त्यांना माइकसमोर बसवून एकेक वाक्य बोलायला लावलं, चांगली वाक्यं जोडली आणि सात मिनिटांचं अस्खलित भाषण तयार केलं. मशीन बसलं त्याच दिवशी, धम्मपाल निघायच्या आधी ते दोनदा वाजवून बघितलेलं. सरळ वाजलं होतं.

त्या दिवशी सकाळी आठला पारावरच्या सभेत मशीन कर्ण्याला जोडलं. लालासाहेब घसा बसल्याचं सांगून खुर्चीत बसले. भाषण सुरू झालं. "माझ्या सभासद बंधू" इथवर आलं आणि कर्ण्यातनं "बंधू बंधू बंधू बंधू" एवढंच यायला लागलं. बंद करून पुन्हा लावलं, तर "माझ्या माझ्या माझ्या." आधी पोरंटोरं हसली, मग बायका, मग सगळा पार. नाथाजी उठून म्हणाला, "मशीनबी मालकावर गेलंय म्हणायचं."

लालासाहेब तडक उठून घरी आले आणि भावाला म्हणाले, "त्या मिस्त्रीला आण."

धम्मपालला घरामागच्या परड्यातल्या गोठ्यात नेलं. बैल रानात गेलेले. लालासाहेब दावणीपाशी उभे होते, हातात फौजेतला रुंद पट्टा.

"नाथाजीनं किती दिलं तुला?"

"आण्णा, मला नाथाजी म्हाईतबी न्हाई. काय झालंय ते तरी सांगा."

पट्टा कानावर बसला. बकल गालातनं खोल गेलं आणि तोंडात गरम रक्ताची चव आली. दुसरा पाठीवर, तिसरा मानेवर. धम्मपाल शेणात गुडघ्यावर आला. नानासोनं त्याच्या बरगडीत लाथ घातली.

"लय शिकलासा तुमी," लालासाहेब धापा टाकत म्हणाले. "आता आमचंच हसं करायला लागलासा गावात. कु... कु... कुणाच्या जिवावर रं?"

शब्द अडकला आणि तो अडकलेला धम्मपालनं ऐकला, एवढ्यासाठीच मग मार वाढला. नानासोनं त्याचा उजवा हात दावणीच्या दगडावर दाबला आणि खोऱ्याचा दांडा बोटांवर घातला. मधलं आणि करंगळीशेजारचं बोट काडीसारखं वाजलं. धम्मपाल ओरडला तो आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. परड्याच्या दारामागं बांगड्या वाजल्या. लालासाहेबांच्या बायको शालूबाई तिथं उभ्या होत्या. दार काही उघडलं नाही.

शुद्ध जाईल असं वाटत असताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट धरून राहिली. मशीन चारच दिवसांपूर्वी नीट वाजत होतं. म्हणजे मधे काहीतरी बदललंय.

"मला मशीन दावा," तो म्हणाला. "मी केलं असंल तर मग जीव घ्या."

लालासाहेबांनी हात थांबवला. साडेचारला खालच्या आळीत दुसरी सभा होती आणि मशीन तिथंही लागणार होतं.

सोप्यात टेबलावर मशीन होतं. शिवांजली तिथंच बसलेली. धम्मपालचा चेहरा बघून ती उठली आणि भिंतीला टेकली. नानासो पाठीमागं दांडा घेऊन उभा राहिला.

"भाषण नको लावूस," धम्मपाल तिला म्हणाला. ओठ सुजल्यामुळं शब्द नीट निघत नव्हते. "मशीन चालू हुताना टण्ण वाजतंय बघ, तेवढंच लाव."

तिनं लावलं. तोही आवाज अडकला, टण टण टण करत राहिला.

"म्हंजे भाषणात खोट न्हाई. स्पीकरच्या वायरी बघ."

वायरी ठीक होत्या. दुसरा स्पीकर लावला, तरी तेच. मग त्यानं तिला मशीनमधल्या सगळ्या भागांची यादी पडद्यावर काढायला सांगितली. आवाज काढणाऱ्या साउंड कार्डाच्या नावापुढं बिघाडाची पिवळी खूण होती, आणि खाली प्रिंटरच्या नावापुढंही तशीच.

"प्रिंटर?" तो म्हणाला. "मी कुठं प्रिंटर बसवला हुता?"

शिवांजलीची नजर नानासोकडं गेली.

"पेटी उघड पोरी. मागचे चार स्क्रू."

पत्रा निघाला. डाव्या हातानं त्यानं बोट केलं. साउंड कार्डाशेजारी आणखी एक कार्ड रोवलेलं होतं, जुनं, धुळीनं भरलेलं.

"ह्ये प्रिंटरचं कार्ड माझं न्हाई आण्णा. ही दोन्ही कार्डं एकाच नंबरावर मशीनला हाक मारत्यात. मशीनला कळत न्हाई कोण बोलवतंय. मग आवाजाचा पुढचा तुकडा येतच न्हाई, हाय तोच फिरत ऱ्हातो. कुणी बसवलं ह्ये?"

शिवांजलीनं खाली बघत सांगितलं, "काकांनी. परवा तासगावचा माणूस आणलेला. मतदारयाद्या छापायच्या हुत्या म्हणून."

"गप," नानासो म्हणाला.

"साउंड कार्डाचा नंबर बदलाय येतो," धम्मपाल घाईनं म्हणाला. पाठीमागं दांडा घेऊन उभ्या नानासोकडं बघायची त्याला हिंमत नव्हती. "त्या दोन पिनांवर काळी टोपी हाय, तांदळाएवढी. सातावरनं काढ, पाचावर बसव. माझ्या हातानं व्हायचं न्हाई."

शिवांजलीनं टोपी उपटली. टोपी एकदा खाली पडली, तिनं ती फरशीवरनं चिमटीत उचलली. बसली. मशीन चालू केलं, पडद्यावर सातचे पाच केले, परत चालू केलं. टण्ण असा एकच स्वच्छ आवाज आला. मग भाषण. "माझ्या सभासद बंधूंनो आणि भगिनींनो," लालासाहेबांचाच आवाज, कुठंही न अडता, खोलीभर चालत राहिला.

लालासाहेबांनी ते पुरं ऐकलं. मग वळले आणि भावाच्या तोंडावर पट्टा ओढला. नानासोनं दांडा उगारला, पण थोरल्या भावावर तो घालायचं त्याला झालं नाही. लालासाहेबांनी तो हिसकून घेतला आणि त्याच्या नडगीवर, खांद्यावर, पडल्यावर पाठीवर हाणत राहिले. प्रत्येक घावासरशी काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होते आणि ते निघत नव्हतं. टेबलावर त्यांचं भाषण चालूच होतं, सोसायटीच्या खतगोदामाबद्दल, पाणीपुरवठ्याबद्दल.

ज्यानं आपली बोटं मोडली तो मार खातोय याचं धम्मपालला बरं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. "बास करा," तो म्हणाला. "मरंल त्यो." शिवांजलीनं बापाच्या हाताला लोंबकळून दांडा धरला, तेव्हा कुठं ते थांबले.

थोड्या वेळानं लालासाहेबांनी धम्मपालपुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"चुकी झाली. सां... सांगलीला दवाखान्यात सोडतो तुला. खर्च माझा. झालं गेलं हितंच ऱ्हाऊ दे."

धम्मपालनं तांब्याला हात लावला नाही. "मी चालत जातो," तो म्हणाला.

कुणी अडवलं नाही. रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याला उचलून पलूसला पोचवलं. पोलीस चौकीत जमादारानं जखमा बघितल्या, नाव-आडनाव विचारलं आणि आधी दवाखाना करून ये म्हणाला. धम्मपाल बाकावर बसून राहिला. निरोप मिळून संध्याकाळी त्याची बायको आम्रपाली सांगलीहून आली, सोबत वकिलीचं शिकणारा तिचा भाऊ. तिनं नवऱ्याची बोटं बघितली आणि जमादाराला सांगितलं, "लिहून घ्या. तवर आमी उठत न्हाई."

तक्रार लिहिली गेली, पण साक्षीदार कोण? वेल्डिंगवाल्यांनी काही बघितलं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याला कोर्ट नको होतं. तिसऱ्या दिवशी शिवांजली एसटीनं एकटी पलूसला आली आणि गोठ्यातलं, सोप्यातलं, सगळं जबाबात सांगून गेली. लालासाहेबांना आणि पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या नानासोला अटक झाली. महिन्यानं जामीन मिळाला. तोवर निवडणूक होऊन गेली होती.

धम्मपालची दोन बोटं वाकडी जुळली. स्क्रू ड्रायव्हर त्याला धरता येईना, म्हणून आम्रपाली दुकानात बसायला लागली. तो सांगायचा, ती उघडायची. जीपचा आवाज आला की तो अजून दचकून काउंटरमागं सरकायचा.

पुढच्या फेब्रुवारीत एका दुपारी शालूबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. नेसत्या लुगड्यानिशी, हातात काही नाही.

"शिवांजलीला मेढ्याला मामाकडं धाडलंय," त्या म्हणाल्या. "हे तिचं तोंड बघत न्हाईत. परीक्षा तिथनंच देईल." मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी दारामागं हुते. मला दार उघडाय झालं न्हाई."

"ऐकल्या मी बांगड्या," धम्मपाल म्हणाला.

आम्रपालीनं स्टूल पुढं सरकवलं. शालूबाई बसल्या नाहीत. माफ केलं असं धम्मपालनं म्हणावं म्हणून त्या थांबल्या आहेत हे त्याला कळत होतं. त्यानं वाकडी बोटं काउंटरवर त्यांच्यापुढं ठेवली.

"कोर्टात हे सांगाल?" आम्रपालीनं विचारलं.

शालूबाईंनी पदर डोक्यावरनं पुढं ओढला. "तारीख कवा हाय?" त्या म्हणाल्या.