गाल ज्याचा त्याचा

"आजोबा, हळू. दात हलतोय बहुतेक."

शांतवननं रुमालात गुंडाळलेला बर्फ नातीच्या डाव्या गालावरून जरासा मागं घेतला. गालावर चार बोटं उमटली होती, त्यातलं वरचं पार कानाच्या पाळीपर्यंत गेलं होतं. मारणाऱ्याचा पंजा शेतकामाचा असावा. त्यानं दोन बोटांनी जबड्याचा सांधा चाचपला.

"तोंड उघड. आता मिट. हाड शाबूत हाय."

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात चौतीस वर्षं त्यानं प्लास्टर घालण्याचं काम केलं होतं. सगळे त्याला प्लास्टरमामा म्हणत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी बोटांना हाडं कळत होती. त्याची नात सुवार्ता आता त्याच गावात दुसऱ्या एका दवाखान्यात नर्स होती. सकाळी ट्रॅक्टरवरून पडलेला एक म्हातारा आला. सुवार्ता सलाईन लावायला शीर शोधत होती आणि म्हाताऱ्याचा पोरगा सारखा मध्ये हात घालत होता. "तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली, आणि त्यानं सगळ्या वॉर्डासमोर तिच्या थोबाडीत दिली.

"नाव काय त्याचं? कुठल्या गावचा?" सुधाकर तिसऱ्यांदा विचारत होता. सुधाकर म्हणजे शांतवनचा मुलगा, सुवार्ताचा बाप.

"पप्पा, मी तक्रार दिलीय. पोलीस जबाब घेऊन गेले."

"तक्रारीनं काय होतंय? चार माणसं घेऊन जातो. आणि दादा, तुमी आता ते दुसऱ्या गालाचं सुरू करू नका."

शांतवन उठला, वितळलेला बर्फ मोरीत टाकला आणि तिथंच भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं वडूजचा बाजार आला होता.

तेव्हा तो वीस वर्षांचा होता. सकाळ-संध्याकाळ तालमीत घुमायचा. त्याचे वडील, ज्यांना तोही दादाच म्हणे, ख्रिस्ती उपदेशक होते. सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून खटाव-माणातली गावं पालथी घालायचे, झाडाखाली बसून शुभवर्तमान वाचून दाखवायचे. कुणी ऐकायचं, कुणी हसायचं. दोघांनाही ते जाताना "सलाम" म्हणायचे. आवाज गोड होता. शांतवनला अजूनही कधी कधी झोपेतून उठताना तो आवाज ऐकू येई, घसा साफ करून पहिली ओळ उचलणारा.

त्या दिवशी बाजारात गर्दीत सायकल वळवताना हँडल अडकलं आणि ज्योतिबा नावाच्या शेतकऱ्याचं मिरच्यांचं पोतं कलंडलं. लाल मिरच्या चिखलात गेल्या. ज्योतिबा उठला आणि त्यानं दादांच्या कानशिलात लगावली. चष्मा उडाला. दादा खाली बसले आणि आधी मिरच्या वेचायला लागले. चष्मा तसाच पडून होता.

शांतवन पलीकडून आला. त्यानं बापाच्या गालाकडं पाहिलं आणि पुढचं त्याला नीट आठवत नाही. ज्योतिबाचा उजवा हात त्याच्या हातात होता, आणि ओली फांदी मोडावी तसा आवाज आला, एवढंच.

दादा त्याला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ज्योतिबाला घेऊन ते दोघं मिरजेला आले. प्लास्टर घालताना डॉक्टरांना हात धरायला कुणी नव्हतं, म्हणून शांतवननं धरला. स्वतः मोडलेलं कोपर त्यानं अर्धा तास हलू दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, "पोरा, तुझी पकड चांगली आहे." दोन वर्षांनी तीच पकड दाखवून त्याला नोकरी मिळाली.

पण त्याआधी पेरणी होती. जोंधळ्याचा पेरा तोंडावर आलेला, ज्योतिबाला भाऊ नाही, पोरं लहान. दादांनी शांतवनला उठवलं आणि ज्योतिबाच्या रानात नेऊन उभं केलं.

"त्याचा हात तू घेतलायस," ते म्हणाले. "आता तुजा त्याला दे."

अकरा दिवस शांतवन त्याच्या पाभरीमागं चालला. दादा पासष्टीकडं झुकलेले, पण बैल तेच धरायचे. ज्योतिबा गळ्यात हात बांधून बांधावर बसे आणि शिव्या देई. "सरळ हाण की रं! बी काय वाऱ्यावर उधळतूस व्हय?" त्याची बायको रंगूबाई हिनं पहिले चार दिवस पाणीसुद्धा विचारलं नाही. पाचव्या दिवशी तिनं कळशी बांधावर आणून ठेवली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

एका संध्याकाळी परत येताना शांतवननं विचारलंच. "दादा, त्यानं तुमाला आणिक मारलं असतं तर?"

"मारलं असतं."

"मग येशूनं चेल्यांना अंगरखा इकून तरवार घ्या म्हणून कशापायी सांगितलं? लिवलंय न्हवं शास्त्रात?"

दादा सायकल ढकलत चालत राहिले. "लिवलंय खरं. चेले म्हणाले, दोन हायत्या, तर त्यो म्हणतो, पुरे. त्याला धरायला एवढा जमाव यायचा, तिथं दोन तरवारी कशा पुरतील, गड्या? मला त्याचा उलगडा न्हाई झाला अजून. पेत्रानं त्यातली एक काढून धरायला आलेल्या एकाचा कान कापला, तर ह्यानं तो परत जोडला, तेवढं मला कळतंय." मग ते हसले. "तुज्यासारख्यांनी कापायचं, त्यानं जोडत बसायचं."

प्लास्टरच्या खोलीत कोपराचा पेशंट आला की शांतवनला ते हसू आठवे. ज्योतिबाचा हात काही पुरता सरळ झाला नाही. दादा वारले तेव्हा तो वडूजहून मिरजेला मातीला आला होता. आपली पाळी आल्यावर त्यानं वाकड्या हातानंच माती उचलली आणि ती कबरीत पडेपर्यंत हात तसाच पुढं धरून ठेवला.

"दादा, कोणतरी आलंय," सुधाकरचा आवाज आला.

दारात दोघं होते. पटका बांधलेले एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्यामागं विशीतला, मान खाली घातलेला, थोराड हातांचा एक पोरगा. सुधाकरनं मुठी आवळल्या. शांतवननं त्याच्या दंडावर हात ठेवला आणि पाहुण्यांना खुर्च्या दिल्या.

"मी नानासो. ह्यो माजा पुतण्या, ऋषिराज," गृहस्थ म्हणाले. पिशवीतून नारळ काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "चूक झाली बघा. बाप रक्तात पडलेला, पोराचं डोकं ठिकाणावर न्हवतं. सैन्यात भरतीचं चाललंय त्याचं. केस झाली तर जलमाचं वाटोळं हुईल. पोरीला तक्रार मागं घ्यायला सांगा."

शांतवन नारळाकडं बघत होता.

"आवं मामा, तुमाला सगळं गाव वळखतं," नानासो जरा पुढं सरकले. "तुमच्यात माफ करत्यात. दुसरा गाल म्होरं करायची रीतच हाय तुमच्या धर्मात."

सुधाकर काहीतरी बोलणार होता, पण बापाचं तोंड बघून थांबला. शांतवनच्या जिभेवर उत्तर तयार होतं. आयुष्यभर तेच तर दिलं होतं त्यानं, शेजाऱ्याला, वॉर्डातल्या साहेबाला, वाट्यात फसवणाऱ्या चुलतभावाला. जाऊ द्या, म्हणायचं. पण आता ते ओठांवर येईना. वडूजच्या बाजारात दादांनी जो गाल पुढं केला होता, तो दादांचा होता. त्या दिवशी शांतवननं हात मोडला, तेव्हाही त्यानं त्यांना विचारलं नव्हतं. आता तो दुसऱ्याच कुणाचा तरी गाल पुढं करायला निघाला होता.

"रीत हाय," तो म्हणाला. "पर गाल माजा न्हाई, पाहुणं. ज्याचा त्यानं करायचा असतो."

आणि त्यानं आत हाक मारली. "सुवार्ता!"

ती बाहेर आली. ऋषिराजनं मान वर केली, चार बोटं बघितली आणि पुन्हा खाली घातली. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला का मारलंस?"

शांतवननं तिच्याकडं वळून पाहिलं. प्रमुख याजकाच्या वाड्यात शिपायानं थोबाडीत दिली तेव्हा प्रभू येशूनंही हेच विचारलं होतं. तिथं त्यानं दुसरा गाल पुढं केला नव्हता, हातही उगारला नव्हता. फक्त विचारलं होतं. शंभर वेळा वाचलेली ती ओळ त्याला आज पहिल्यांदा ऐकू आली.

"मला वाटलं, आण्णा जात्यात," ऋषिराज पुटपुटला. "आन तुमी बाहेर जा म्हणाला."

"शीर सापडत नव्हती. तू माझा हात हलवत होतास. तू मारलंस तेव्हा सुई माझ्या हातात होती, माहितीय? मी ती सोडली नाही."

पोरानं हात जोडले.

"मी रागात नाही," ती म्हणाली. "पण तक्रार मागं घेणार नाही. जे झालं तेच लिहिलंय, एक शब्द वाढवलेला नाही. उद्या वॉर्डातल्या मावशींना कुणी मारलं, परवा आणखी कुणाला, तर प्रत्येक वेळी नारळच आणणार का?"

"अगं पोरी," नानासो म्हणाले.

"आणि उद्या सकाळी सातला माझी ड्यूटी आहे. तुझ्या आण्णांचं ड्रेसिंग मीच करणार. तू बाहेर थांब."

नानासो उठले. शांतवननं नारळ उचलून त्यांच्या पिशवीत परत ठेवला आणि फाटकापर्यंत सोडायला गेला. "सलाम," तो म्हणाला. नानासोंनी हात जोडले. ऋषिराज दोन पावलं पुढं गेला, थांबला, पुन्हा चालू लागला.

घरात शिरताना शांतवननं बघितलं, सुधाकर मुठी सोडून खुर्चीत बसला होता आणि मुलीकडं एखाद्या अनोळखी माणसाकडं बघावं तसा बघत होता. सुवार्तानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिनं भाकरी-आमटीचं ताट वाढून घेतलं आणि जमिनीवर बसली. पहिला घास उजवीकडून चावायला लागली, सावकाश, डोळे मिटून.

शांतवन तिच्याजवळ टेकला. ताटातली भाकरी त्यानं आपल्याकडं ओढली आणि बारीक कुस्करून आमटीत भिजवायला लागला.