चेकरबाईचं दुखणं

लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट खिडकीतून घेऊन चेकरबाई परत आली, तेव्हा नवरा डॉक्टरीणबाईंशी हळू आवाजात बोलत होता. तिला पाहताच तो गप्प झाला. झालं! तिच्या मनात पाल चुकचुकली. ह्याने नक्कीच कानात काहीतरी भरलं असणार.

चार वर्षं तिचं ओटीपोट दुखत होतं. गाठ काढली, टाके भरले, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. बसलं तरी दुखे, उभं राहिलं तरी दुखे. नवऱ्याजवळ जाणं तर तिने सोडूनच दिलं होतं. त्याने बजावलं होतं, "ह्या शेवटच्या डॉक्टर. इथेही काही निघालं नाही, तर हा विषय घरात पुन्हा नको."

"रिपोर्ट सगळे चांगले आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिच्या पायाखालची जमीन सरकली. "आता ह्या दुखण्यात मेंदूचा वाटा मोठा दिसतोय."

"म्हणजे मी वेडी! सरळ म्हणा ना. ह्यांनीच पढवलं ना तुम्हाला?"

"नाटक करते, समज द्या, असं म्हणाले खरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवऱ्याने फाइलीत डोकं खुपसलं. "पण मी ठरवलं, आधी तुमच्याकडून ऐकते. काम काय करता?"

"शर्टांच्या कारखान्यात चेकिंग." ही बया आता कुठे अडकवते कोण जाणे!

"चांगला शर्ट कधी नापास केलाय?"

ती चपापली. हे हिला कोणी सांगितलं? तो महिना आठवला की तिला अजून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिवणी उसवल्या म्हणून एक खेप परत आली होती आणि साहेबांनी सगळ्यांदेखत तिला फैलावर घेतलं होतं. मग तिला प्रत्येक काखेची शिवण सैल दिसू लागली. तीनशे धडधाकट शर्ट तिने उसवायला लावले. शिलाईवाल्या बायकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. तिने हे सगळं सांगून टाकलं.

"मुद्दाम केलंत?"

"छे हो! मला दिसायचंच तसं."

"मेंदूचंही तेच झालंय. जखम भरली, पण त्याने असा धसका घेतलाय की साधा ताणही तो दुखणं म्हणून दाखवतो. मग स्नायू आवळून बसतात. दुखणं शंभर टक्के खरं आहे. त्याला हळूहळू भरवसा द्यायचा. श्वास, स्नायू सैल करणं, थोडं थोडं चालणं. महिने लागतील."

"आणि नाही गेलं तर?"

"तर दुसरं बघू. हाकलणार नाही तुम्हाला."

जिन्यात कोणी नव्हतं. "रिपोर्ट तर चांगले आहेत," नवरा पुटपुटला.

"हो. आणि मला दुखतंय." ती हटली नाही. "घरीही म्हणणार. रोज म्हणणार."

तो फाइलीची दोरी सोडत-बांधत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "नेमकं कुठे दुखतं गं?"

चार वर्षांत त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. हेही डॉक्टरीणबाईंनीच पढवलं की काय, अशी शंका तिला आलीच. तरी तिने त्याचा हात धरला आणि जागा दाखवली.