आतल्या फळीवरचा कप

मी आतल्या फळीवरचा कप बोलतोय. हो, तोच, कडेला टवका उडालेला. तुम्ही मला पाहिलं नसेल. तुम्ही कॅफेत येता, खिडकीजवळची खुर्ची पकडता आणि तुमच्यासमोर येतात ते माझे भाऊ. पांढरेशुभ्र, कडेखाली निळी रेघ, सोबत बशी. मलाही ती रेघ आहे. बशी मात्र आता नाही. माझी बशी कपाटात दुसऱ्याच कुणाच्या तरी खाली सुखाने नांदते आहे आणि त्याचा मला राग येतो, हे मी लपवणार नाही.

आम्ही सगळे एकाच भट्टीत भाजलो गेलो आणि एकाच खोक्यातून इथे आलो. कॅफे तेव्हा नवाकोरा होता. कॅफे ज्या घराचा, त्या घरच्या सासूबाईंनी आम्हाला एकेक करून पुसलं आणि काउंटरमागच्या काचेच्या कपाटात मांडलं. घरात सगळे त्यांना आई म्हणतात. मी पडलो सुनेच्या पक्षातला, म्हणून सासूबाई म्हणतो. कपाटात मी पहिल्या रांगेत होतो. काय दिवस होते ते! रोज नवे हात, नवे ओठ, लिपस्टिकचे डाग. मला हातात धरून लोकांनी लग्नं ठरवली, नोकऱ्या सोडल्या, आणि प्रेमात पडलेली पोरं तर चहा गार होऊन साय धरेपर्यंत मला विसरूनही जायची. तेसुद्धा मला आवडायचं.

मग एका दुपारी सासूबाईंच्या हातून मी सिंकच्या तोटीवर आपटलो. नखाएवढा टवका उडाला.

"अगंबाई, हात निसटला," त्या म्हणाल्या.

आता या बाईंच्या हातून आजवर साधा चमचा खाली पडलेला नाही. ओल्या हातांनी त्या बशांची चळत घेऊन दोन टेबलांमधून वाट काढतात आणि एक बशी वाजत नाही. निसटायला नेमका मीच सापडलो. माझंच नशीब खोटं, दुसरं काय.

या घराचा एक नियम आहे. टवक्याचा कप गिऱ्हाइकापुढे ठेवायचा नाही, तो गिऱ्हाइकाचा अपमान. आणि धड कपात घरच्यांनी प्यायचं नाही, ती उधळपट्टी. म्हणून कपाटातून जो बाद होतो तो स्वयंपाकघरातल्या फळीवर येतो आणि घरातल्या कुणाचा तरी होऊन जातो. सासऱ्यांच्या कपाचा कान तुटलाय, ते तो फडक्यात धरून पितात. सासूबाईंचा बुडाशी फुटलाय, टेकवला की डुगडुगतो. त्यांच्या दोन्ही मुलांचे कप तडे गेलेले. मी थोरल्या सुनेच्या वाट्याला आलो. ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती.

थोरली केक आणि पाव भाजते. दिवसभर भट्टीपाशी उभी. घोट घेताना ती माझ्या टवक्यावर अंगठा ठेवते, म्हणजे ओठाला लागत नाही. काउंटर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक छोटी खिडकी आहे, ताटल्या सरकवायला. मला हातात धरून ती त्या खिडकीतून बाहेर बघत बसते आणि मीही बघतो. मी कपाटातल्या भावांकडे बघतो. ती बघते धाकटीकडे.

धाकटी म्हणजे धाकट्या मुलाची बायको. लग्नाआधी एका ऑफिसात होती. इथे आली ती थेट काउंटरवर उभी राहिली, कारण तिला बोलता येतं, हसता येतं, गिऱ्हाइकाने मागच्या खेपेला काय घेतलं होतं ते लक्षात राहतं. वर कपबशा तीच धुते, आणि हात असा की ती आल्यापासून या घरात काहीच फुटलेलं नाही. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतात, "हिच्या हातून काही म्हणजे काही फुटत नाही." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि याचा परिणाम बघा. काहीच फुटत नाही म्हणून फळीवर नवा कप येत नाही. नवा कप येत नाही म्हणून धाकटीला स्वतःचा कप नाही. मग ती काय करते? काचेचं कपाट उघडते आणि रोज त्यातला एक धड कप काढून त्यात पिते. निळ्या रेघेचा. बशीसकट! पिऊन झालं की धुऊन परत जागेवर. मी मेलो तरी मला जो मान परत मिळणार नाही तो हिला सकाळ-संध्याकाळ फुकट.

आजचीच सकाळ घ्या. दार उघडण्याआधी सगळे आत चहाला जमले. आम्ही एकेक जण आपापल्या माणसाच्या हातात गेलो. बाहेर कपाटाची काच सरकल्याचा आवाज आला आणि थोरली माझ्यात तोंड घालून पुटपुटली, "निघाली राणीसरकार." मला तिचं हेच आवडतं. आमच्या दोघांच्या पोटात एकाच वेळी दुखतं.

धाकटी कप-बशी घेऊन आत आली, पण बसली नाही. "ऑफिसला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय," ती म्हणाली. "परत ये म्हणतायत."

सासऱ्यांनी पेपरची घडी उलटी केली आणि तीच बाजू पुन्हा वाचायला घेतली. धाकट्याने बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. सासूबाई म्हणाल्या, "तुझं तू ठरव, बाई. आम्ही अडवणार नाही."

धाकटी मान खाली घालून कपात बघत राहिली. मी थोरलीच्या हातातून मनात म्हटलं, जा बाई, सुखाने जा, आणि जाताना त्या कपाटाला कुलूप लावून जा.

मग दार उघडलं आणि कुणाला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. सकाळची गर्दी ऑफिसला जाणाऱ्यांची. त्यांना सगळं कालच हवं असतं. थोरला मुलगा कॉफीच्या मशीनशी झटापट करतो, धाकटा दुधाचे कॅन आणतो, सासरे गल्ल्यावर बसून प्रत्येकाला प्रकृती विचारतात आणि रांग वाढवतात. गर्दी ओसरली की छत्रीवाले येतात. आभाळ निरभ्र असो की भरलेलं, या गृहस्थांच्या हातात छत्री. ते केकचा तुकडा घेतात, डोळे मिटून खातात आणि मग काउंटरकडे वळतात.

"हाताला चव आहे हो तुमच्या," ते आजही धाकटीला म्हणाले.

धाकटी हसली आणि पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. खिडकीच्या अलीकडे थोरलीची बोटं माझ्याभोवती इतकी आवळली की मला वाटलं आज दुसरा टवका उडणार. पहाटे उठून लोणी फेटलं हिने, भट्टीपाशी होरपळली ही, आणि चव कुणाच्या हाताला? आम्ही दोघं बराच वेळ त्या गृहस्थांच्या छत्रीकडे रागाने बघत होतो. छत्रीचा काही दोष नव्हता.

दुपारी जेवणाच्या वेळी एक मोठा घोळका आला आणि कपाट रिकामं पडलं. थोरला मुलगा धावत आत आला आणि त्याने सरळ मलाच उचललं. माझं काळीज सुपाएवढं झालं. एवढ्या काळानंतर पुन्हा बाहेर! टवका भिंतीकडे वळवून ठेवला तर कोण बघतंय? मी खिडकीपर्यंत पोचलोही होतो, तेवढ्यात सासूबाईंनी त्याच्या हातातून मला काढून घेतलं.

"तो नको. तो घरचा आहे."

झालं. परत फळीवर. घरचा, म्हणजे बाहेर न्यायच्या लायकीचा नाही. मी असा अर्थ घेतला आणि तासभर कुणाशी बोललो नाही. नाहीतरी कोण बोलतं माझ्याशी.

त्यानंतर रोजची ती वेळ आली जेव्हा कॅफेत एकटी माशी फिरते. सासूबाई पाठ टेकायला गेल्या, सासरे गल्ल्यावर पेंगले, मुलं बाजारात. थोरली मागच्या खोलीत पिठाच्या गोण्या लावत होती. सिंकपाशी फक्त धाकटी होती, कप धूत.

एक कप तिने धुतला, पुसला, आणि मग ठेवायचा सोडून हातात धरून उभी राहिली. इकडेतिकडे पाहिलं. आणि तो हलकेच तोटीवर आपटला. टिक.

मी दचकलो. ती कड बोटाने चाचपत होती. काही झालं नव्हतं. तिने पुन्हा आपटला, जरा जोरात. टक. पुन्हा काही नाही. आमची जात चिवट आहे. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा दारात थोरली उभी होती, दोन्ही हात पिठाने पांढरे.

"काय चाललंय?"

धाकटीचा चेहरा पडला. तिला खोटं सुचलं नाही. "फुटत नाहीये," ती म्हणाली.

"फोडायचा कशाला?"

धाकटीने नळ बंद केला. मग नळ बंद झाला तरी तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. "इथे सगळ्यांना कप आहे, ताई. मी रोज गिऱ्हाइकांचा घेते आणि धुऊन जागेवर ठेवते, पाहुणीसारखी. केक तुमचा, गल्ला बाबांचा, मशीन भावोजींचं. सकाळी मी जाऊ का म्हटलं तर कुणी जाऊ नको म्हणालं नाही."

"तुझं तर बरं चाललंय," थोरली म्हणाली, पण तिचा आवाज सकाळसारखा नव्हता. "सगळे तुझंच कौतुक करतात."

"रोज सांगते मी त्यांना, ताईंनी केलाय म्हणून. त्यांना वाटतं मी लाजून म्हणतेय. आज सांगायचा कंटाळा आला. ते कौतुक मला नकोय. तुम्ही बाहेर येऊन घ्या की ते."

थोरलीने वर माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मग हात धुतले, धाकटीच्या हातातला कप घेतला आणि म्हणाली, "असा सपाट आपटून फुटत नाही. कड तिरकी धरायची." आणि तोटीवर एकच टोला. नखाएवढा टवका सिंकमध्ये पडला.

धाकटी बघतच राहिली. "तुम्हाला कसं माहीत?"

"माझा आईंनी असाच फोडला होता. मी नवीन होते, मलाही कप नव्हता. दार अर्धवट उघडं होतं, मी पाहिलं. वर म्हणाल्या, अगंबाई, हात निसटला." थोरली हसली. "मला दिसलं हे त्यांना अजून माहीत नाही."

इतकी वर्षं मी ज्या हाताला शिव्या घातल्या, तो निसटलाच नव्हता. कपाटातले एवढे सोडून त्या बाईंनी मला निवडलं होतं. हिच्यासाठी.

आवाज ऐकून सासूबाई आल्याच. "काय फुटलं?"

"हात निसटला, आई," थोरली म्हणाली.

सासूबाईंनी तोटीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, मग दोन्ही सुनांच्या डोळ्यांकडे. कप हातात घेऊन टवक्यावरून अंगठा फिरवला. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच समजत नाही.

"बारीक आहे," त्या म्हणाल्या. "घरात चालेल." आणि स्वतःच्या हाताने त्यांनी तो फळीवर ठेवला. माझ्या शेजारी.

संध्याकाळी धाकटीने ऑफिसला नाही म्हणून कळवलं आणि ती त्या कपात चहा प्यायली. उद्या छत्रीवाले आले की थोरलीला हात धरून बाहेर काढणार आहे म्हणे. चांगलं आहे, माझं काही म्हणणं नाही.

पण हा शेजारी! अजून चकचकीत. टवका माझ्यापेक्षा लहान. रेघ जराही फिकी झालेली नाही. मघाशी दिवे मालवण्याआधी थोरलीने शेवटच्या घोटभर चहासाठी हात वर केला, तो आधी त्याला लागला. तिने त्याला उचललं, फिरवून पाहिलं. मी तेवढा वेळ कसा काढला ते माझं मला ठाऊक. मग तिने तो ठेवून दिला, मला घेतलं आणि अंगठा जागेवर ठेवला.

तेव्हा कधी इकडे आलात तर खुशाल बसा. तुम्हाला कपाटातला धड कप मिळेल, बशीसकट. त्यातली एक बशी माझी आहे, जरा जपून वापरा. आणि कप कमी पडले तरी माझ्याकडे बोट दाखवू नका. मी येणार नाही. मी घरचा आहे.