एका वावरात नऊ विहिरी

पातूरच्या वावरातली विहीर सकाळी अकरा वाजता गायब झाली आणि जानराव इंगळे खुर्चीतून उठलेच. विहीर आपल्या जागी होतीच म्हणा. गेली ती कॉम्प्युटरच्या पडद्यावरून. पण तीस वर्षं शाईनं नकाशे काढलेल्या माणसाला हा फरक कोण समजावणार? कागदावरची विहीर कधी अशी उठून गेली नव्हती.

अकोल्यातल्या त्या खासगी मोजणी ऑफिसात आता कागद बंद झाला होता. मालक गोपालभाऊंनी स्पष्टच सांगितलं होतं, "काका, चार वाजेपर्यंत हा नकाशा कॉम्प्युटरवर काढून दाखवा. नाई जमलं तं सोमवारपासून घरी आराम करा." घरी आराम! जानरावांनी त्या शब्दांचाच धसका घेतला होता.

झालं होतं ते एवढंच. रेघांची गर्दी झाली म्हणून त्यांनी बाजूच्या यादीत कुठंतरी टिचकी मारली. एक चौकट उघडली, तिच्यात इंग्रजीत काहीतरी दटावणी होती. साहेब रागावला की मान डोलवावी, तसं त्यांनी एंटर दाबून तिला वाटेला लावलं. पाहतात तर विहीर नाही.

त्यांनी मोजणीची वही उघडली. बांधावरच्या दोन दगडांपासूनची अंतरं घेतली, कागदावर गणित मांडलं, आकडे टाकले, एंटर. विहीर नाही. आपलंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून गणित. नाहीच. चष्मा पुसला. चौथ्यांदा, पाचव्यांदा. शिकवायला नेमलेली पायल सुटी घेऊन अमरावतीला गेलेली, दुपारी येणार. तोवर विचारायचं कोणाला, भिंतीला? जेवणाचा डबा तसाच राहिला. नवव्यांदाही विहीर दिसली नाही, तेव्हा रडायचंच काय ते बाकी होतं.

साडेतीनला पायल आली. "काका, विहीर कोठी हाय?"

"मलेच इचारून राहिली? सकायची धरून नऊ डाव काढली पोरी. हे मशीन गिळूनच राहिलं!"

पायलनं यादीतल्या विझलेल्या दिव्याच्या चित्रावर टिचकी मारली. विहीर हजर! "विहिरीचा थर, म्हंजे तिचा वेगळा कागदच, तुमी झाकून टाकला होता, काका. काढलेलं समदं आत जमा होत होतं."

जानराव यादीवरून बोट फिरवू लागले. झाकलं? मी? कशानं?

तेवढ्यात गोपालभाऊ मागं येऊन उभे राहिले. ऐकून त्यांना हसू आवरेना. "एका वावरात नऊ विहिरी!"

"पण भाऊ, दिसते एकच," पायल म्हणाली. तिनं नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. विहिरीची वर्तुळं नऊ, पण एकावर एक चपखल; रेघ एकच. "काकांनी दर डावाले नवं गणित केलं, अन् बोटभराचा फरक नाई."

गोपालभाऊंचं हसू थांबलं. "आठ पुसा," ते म्हणाले.

जानरावांनी विहीर निवडून डिलीट दाबलं. विहीर तिथंच. पुन्हा दाबलं. तिथंच. पुसली जाते की नाही, कळायला मार्ग नव्हता, आणि नववी गेली तर सगळंच गेलं. मनातली मोजणी मात्र त्यांनी सोडली नाही. आठ झाल्यावर त्यांनी हात काढून घेतला.

पायलनं तपासलं. "एकच उरली."

गोपालभाऊंनी मोजणीची वही चाळली आणि त्यांच्यापुढं ठेवली. "सोमवारी नांदगाव खंडेश्वरले मोजणी हाय. सकाळी सातले या."

दिवसभरात जानरावांना समजलेलं ते पहिलंच वाक्य होतं.